वसंत पाहावयास एक दिवस

माघ महिना सरत आला की मुलुंडहून मुंबईकडे जाणाऱ्या पूर्व द्रुतगती महामार्गावर दरवर्षी एक नवल घडते. घाटकोपर आणि विक्रोळी यांच्या दरम्यान रस्त्याच्या कडेला जी झाडे वर्षभर कोणाच्या नजरेत भरत नाहीत, ती आपली पाने गाळून टाकतात आणि थोड्याच दिवसांत शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. घाईने कचेरीस निघालेला मनुष्यही क्षणभर मान वळवून पाहतो. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि त्यांखाली बहुधा एकच वाक्य छापलेले असते : मुंबईचा चेरी ब्लॉसम.

या नावाने कोणाचे नुकसान होते असे नाही. परंतु ते नाव एकदा दिले की आपले कुतूहल तेथेच थांबते, हा त्यातला दोष आहे. ही झाडे चेरीची आहेत काय? नसतील, तर कोणाची? ती भर उन्हाळ्याच्या तोंडी, पाणी आटत असता, पाने टाकून का फुलतात? आणि मुलुंडच्या गृहस्थाने बायकामुलांसह एक रविवार वसंत पाहण्यात घालवावयाचे ठरविले, तर त्याने जावे कोठे आणि पाहावे काय? या प्रश्नांची उत्तरे आज आपणांपुढे ठेवावयाची आहेत.

ज्या देशावरून हे नाव आले त्या देशापासूनच आरंभ करू. चेरीच्या फुलास जपानी लोक साकुरा म्हणतात आणि फुले पाहावयास जाण्याच्या रिवाजास हानामी म्हणतात. ‘हाना’ म्हणजे फूल व ‘मी’ म्हणजे पाहणे. आपल्याकडे देवदर्शन म्हणतात त्याच धर्तीवर यास पुष्पदर्शन म्हणावयास हरकत नाही. मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या आरंभी घरेच्या घरे शिदोरी बांधून बागेत जातात, झाडाखाली चटई अंथरतात आणि दिवसभर तेथे राहतात. बहर आठवडा-दहा दिवसच टिकतो, म्हणून तो केव्हा येणार याकडे साऱ्या राष्ट्राचे लक्ष असते. टोकियो शहरात यासुकुनी देवळाच्या आवारातील एक ठराविक झाड सरकारी हवामानखात्याने नेमून ठेविले आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की शहरात बहर सुरू झाला असे अधिकृतपणे जाहीर होते.

याहूनही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट क्योटो या जुन्या राजधानीची आहे. तेथील दरबारी मंडळी, भिक्षू आणि अधिकारी यांनी आपल्या रोजनिशांत फुले पाहावयास गेल्याच्या तिथ्या लिहून ठेविल्या. त्यांतील सर्वांत जुनी नोंद इसवी सन ८१२ मधील आहे. ओसाका येथील आओनो या संशोधकाने त्या साऱ्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा बाराशे वर्षांच्या हवामानाचा एक आलेखच तयार झाला. त्या आलेखावरून असे दिसते की गेल्या शंभर-दीडशे वर्षांत बहर सारखा आधी आधी येत चालला आहे. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्च रोजी आला, आणि इतक्या लवकर तो ज्ञात नोंदींत पूर्वी कधीही आला नव्हता. फुले पाहून घरी आल्यावर चार ओळी लिहून ठेवणाऱ्यांस आपण पुढील शतकांतील शास्त्रज्ञांची सेवा करीत आहोत याची कल्पनाही नसेल. परंतु सेवा झाली खरी.

आता कोणी विचारील, एवढे सुंदर झाड आपण मुलुंडला का लावू नये? याचे उत्तर चेरीच्या कळीत आहे. चेरीची पुढल्या वर्षाची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते आणि मग गाढ झोपी जाते. ही झोप मोडावयास ऊब पुरत नाही, आधी थंडी लागते. पारा सातआठ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असा आठवडेच्या आठवडे राहिला, म्हणजे हिवाळा खरोखर होऊन गेला अशी कळीची खात्री पटते, आणि त्यानंतर ऊब येताच ती उमलते. ही व्यवस्था मोठ्या शहाणपणाची आहे. नाहीतर हिवाळ्यातच चार दिवस ऊन पडले म्हणून कळी फसून उमलेल आणि पुढच्या हिमाने जळून जाईल. मुंबईच्या हवेत अशी दीर्घ थंडी कधी पडतच नाही. म्हणून येथे लावलेली ती चेरी झोपेतून नीटशी कधी जागीच होणार नाही.

तथापि हे कुळ भारतास परके आहे असे मात्र नव्हे. हिमालयात रानटी चेरी आपोआप वाढते. आयुर्वेदातील पद्मकाष्ठ ते हेच. मेघालयात शिलाँग येथे ती नोव्हेंबरात गुलाबी फुलांनी भरून जाते, आणि २०१६ पासून तेथे तिचा उत्सव होऊ लागला आहे. म्हणजे चेरी पाहावयाचीच असेल तर जपानपर्यंत जावे लागत नाही. मुलुंडच्या महामार्गावर मात्र ती भेटावयाची नाही.

मग ती गुलाबी झाडे कोणती? शास्त्रीय भाषेत त्यांस टॅबेबुया रोझिया म्हणतात. आपल्याकडे काहीजण ‘वसंतराणी’ असे गोड नाव देतात. मूळ घर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत. एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने तर यास आपला राष्ट्रीय वृक्ष मानले आहे. चेरीशी याचे दूरचेही नाते नाही. चेरी ही गुलाबाच्या कुळातली, तर वसंतराणी ज्या कुळातली आहे त्यातच आपले टेटू, पाडळ, मेढशिंगी आणि बागांतून लावलेले आकाशनिंब अथवा बुचाचे झाड मोडते. टेटू आणि पाडळ ही तर दशमुळांतली, वैद्यांच्या घरोघरची नावे. म्हणजे जिला आपण परदेशी चेरीची बहीण समजतो ती वस्तुतः आपल्या टेटूची चुलत बहीण आहे.

हे नाते आपणांस प्रत्यक्ष पडताळून पाहता येईल. खाली पडलेले एखादे फूल उचलून हातात घ्या. चेरीच्या फुलाला पाच सुट्या पाकळ्या असतात. हे फूल अखंड असते, कर्ण्यासारखे, तोंडाशी चुरगळलेल्या रेशमासारखे पाच भागांत पसरलेले आणि घशाशी पिवळसर. हा पिवळा रंग म्हणजे मधमाशीस लावलेली वाटेची पाटी होय. आत मध आहे, असा हा इशारा. बहर सरल्यावर लांब सडपातळ शेंगा धरतात. त्या उकलल्या की आतून कागदासारख्या पातळ पांढऱ्या पंखांचे बी बाहेर पडते आणि वाऱ्यावर तरंगत जाते. टेटूचे बी ज्यांनी पाहिले असेल त्यांस हे साम्य तत्काळ पटेल.

येथे एक सावधगिरीची सूचना. याच दिवसांत टेकड्यांच्या उतारावर आणि रेल्वेच्या कडेने आणखी एक झाड निष्पर्ण होऊन फिकट गुलाबी-जांभळट तुऱ्यांनी भरलेले दिसते. लांबून पाहणाऱ्यास तेच चेरीसारखे अधिक वाटेल. ते गिरिपुष्प. तेही मध्य अमेरिकेकडचेच. परंतु त्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे, फुलपाखरी घाटाचे आणि लहान असते. त्याचे बी विषारी असून ते उंदीर मारण्यास वापरीत, यावरून त्यास उंदीरमारी असेही म्हणतात. फूल हातात घेऊन पाहिले की दोहोंची गल्लत होत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाने टाकून, उघड्या फांदीवर आणि तेही कोरड्या दिवसांत, ही झाडे का फुलतात?

थंड देशांतील झाडांचा शत्रू हिम, आपल्याकडील झाडांचा शत्रू तहान. मुंबईचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने झाडास जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढावयाचे असतात. पानांतून पाण्याची वाफ सारखी उडत असते. म्हणून थंडी ओसरून हवा कोरडी होऊ लागली की पुष्कळ झाडे पाने गाळून टाकतात, आणि अशा रीतीने खर्च कमी करून उरलेल्या शिलकीतून फुलांचा समारंभ उरकून घेतात. पाने नसल्यामुळे फूल दूरवरून दिसते, आणि पाखरांना व माश्यांना आडकाठी राहत नाही. याहूनही मोठा हिशेब पुढे आहे. फाल्गुनात फूल आले म्हणजे वैशाखाच्या सुमारास बी पिकते. वळवाच्या वाऱ्यांवर ते दूर जाऊन पडते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस येतो. कोंब फुटावयास याहून चांगला मुहूर्त कोणता? पावसाळ्यापूर्वी बी तयार हवे, म्हणून उन्हाळ्यापूर्वी फूल हवे. जपानी साकुरा सरलेल्या थंडीची साक्ष देतो. आपली झाडे मात्र पुढे येणाऱ्या पावसाची तयारी करीत असतात. दोन्ही देशांत उघड्या फांदीवर फूल दिसते खरे, परंतु त्यामागची कारणे अशी निरनिराळी आहेत.

यावरून पंचांगातील एक कोडेही सुटते. चैत्र आणि वैशाख हा वसंत, माघ आणि फाल्गुन हा शिशिर, असे आपण लहानपणापासून पाठ केले. आणि कोकणपट्टीत तर ऐन शिशिरातच फुलांची झुंबड उडते! येथे खरे कोण, पंचांग की झाड? दोघेही खरेच. सहा ऋतूंची वाटणी ही साऱ्या देशाची सरासरी आहे, आणि समुद्राकाठी शिशिर नावापुरताच असल्यामुळे येथील झाडे आपला वसंत चार पावले आधी मांडतात. वसंत पंचमी माघातच येते, याचा अर्थ मुंबईकरास कळावयास एकदा डोंगराकडे पाहिले म्हणजे पुरते.

डोंगराचे नाव निघाले, आणि आपल्या सहलीची वाट नेमकी तिकडेच जाते. मुलुंडचे स्थान या बाबतीत मोठे भाग्याचे आहे. पूर्वेला महामार्ग आणि त्यापलीकडे मिठागरे व ठाण्याची खाडी. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या थेट वस्तीला येऊन भिडलेल्या. उत्तरेस ठाण्याहून वर चढले की त्याच रानाचा येऊरचा भाग लागतो, दक्षिणेस चार स्थानकांवर विक्रोळी. म्हणजे पाहुण्यांचा वसंत एका हातास आणि घरचा वसंत दुसऱ्या हातास. मुलुंडकराने दोन्ही एका दिवसात पाहावे.

दिवस फेब्रुवारीच्या अखेरीचा किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातला निवडावा. वर्षावर्षाला बहर चार-आठ दिवस मागेपुढे होतो, तेव्हा आदल्या आठवड्यात महामार्गावरून जाणाऱ्या कोणास तरी विचारून घ्यावे. सकाळ डोंगरास द्यावी आणि संध्याकाळ रस्त्यास. याचे कारण असे की डोंगरावरील फुलांचे खरे गिऱ्हाईक पाखरे, आणि पाखरे पाहावयाची तर उन्हे तापण्याच्या आत गेले पाहिजे. ठाण्यास उतरून उपवन तलावापर्यंत वाहनाने जावे आणि तेथून येऊरचा चढ पायी चढावा. वनखात्याच्या चौकीवर जे नियम सांगतील ते निमूटपणे पाळावे. बरोबर पाण्याची सुरई किंवा बाटली, दशम्या, चटणी आणि एखादी दुर्बीण असली म्हणजे झाले. ध्वनिक्षेपक मात्र घरीच ठेवावा.

प्रथम भेटेल ती काटेसावर. तिचे खोड राखी रंगाचे, कोवळेपणी काट्यांनी भरलेले. फांद्या खोडापासून आडव्या निघालेल्या, आणि त्यांवर तळहाताएवढी लालभडक, जाड पाकळ्यांची फुले. त्या फुलाचा पेला मधाने भरलेला असतो. झाडाखाली पाव तास स्वस्थ उभे राहावे. साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल, तांबट, शिंजीर असे सारे गाव तेथे न्याहारीस जमलेले दिसेल. एकाची चोच पेल्यात जाते, डोक्यास पराग लागतो आणि तो पराग पुढच्या झाडावर पोहोचतो. फुकट जेवण कोणालाच नाही, पाखरासही नाही! एप्रिल-मेमध्ये याच झाडाची बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर उडू लागतो.

दुसरा पांगारा. यासही काटे आहेत, पाने तीन-तीन दलांची. फुले प्रवाळासारखी लाल, फांदीच्या टोकाशी घोसाने धरलेली. पूर्वी कुंपणास आणि मिरीच्या वेलास आधार म्हणून कोकणात हा मुद्दाम लावीत.

तिसरा पळस, आणि सहलीचा मुख्य मानकरी तोच. पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण रोज वापरतो. परंतु शहरात वाढलेल्या किती मुलांनी ती तीन पाने मोजली आहेत? फाल्गुनात मोजावयास पानेही नसतात. काळ्या, वेड्यावाकड्या फांद्यांवर नुसता केशरी जाळ असतो. संस्कृतात यास किंशुक म्हणतात. हा पोपट तर नव्हे ना, अशी शंका त्या नावातच आहे, कारण फुलाची खालची पाकळी हुबेहूब राघूच्या चोचीसारखी वळलेली असते. शिंजीर किंवा साळुंकी त्या चोचीवर भार देते तेव्हा आत दडलेले पराग तिच्या अंगास लागतात. सुभाषितकारांनी पळसास रूप आहे पण गंध नाही असे म्हणून हिणविले, आणि गुणहीन रूपवानास त्याची उपमा दिली. वनस्पतिशास्त्राची साक्ष काढली तर हा खटला पळस जिंकेल. गंध हे माश्यांना आणि रात्री हिंडणाऱ्या पतंगांना दिलेले आमंत्रण असते. दिवसा येणारी पाखरे वासावर नव्हे, रंगावर येतात. ज्या पाहुण्यास वास समजत नाही त्याच्यासाठी अत्तर खर्च करावयाचे कशास? आणि गुणांचे म्हणावे तर याच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, याच्यावर पोसलेल्या किड्याची लाख, आणि रात्री पाण्यात भिजत घातलेल्या फुलांचा रंगपंचमीचा रंग. वाळलेली चार फुले मुलांकडून वेचून घ्यावीत आणि घरी भिजत घालावीत. बाजारातील पुडीतला रंग आणि हा रंग यांतला फरक सांगावा लागणार नाही.

डोंगर उतरताना कुसुंबाच्या झाडाकडे पाहण्यास चुकू नये. दुरून वाटते की हेही लाल फुलांनी बहरले आहे. जवळ जाऊन पाहावे तो ती फुले नसून कोवळी पालवी असते. नवे पान हिरवे होण्याआधी काही दिवस लाल राहते. पिंपळाची तांबूस पालवीही याच जातीची. आपल्या वसंतात फूल आणि पान यांची अशी लपाछपी चालते, आणि ती पाहावयास जपानी माणसाने येथे यावे असे खुशाल म्हणता येईल.

दुपारी घरी परतून जेवण करावे, विसावा घ्यावा. उन्हे कलली की मुलुंडहून धिमी लोकल पकडून नाहूर, भांडुप आणि कांजूरमार्ग ओलांडून विक्रोळीस उतरावे आणि पूर्वेच्या बाजूने चालत महामार्ग गाठावा. मावळतीचे ऊन त्या वेळी तिरपे येते आणि गुलाबी रंगात किंचित सोनेरी छटा मिसळते. महामार्गावर मोटार उभी करून छायाचित्रे घेण्याचा मोह अनेकांस होतो. तो स्वतःस आणि दुसऱ्यास घातक आहे. बाजूच्या सेवारस्त्याने, पदपथावरून चालावे. फांदी वाकवू नये. फूल हवेच असेल तर खाली पुष्कळ पडलेली असतात. सकाळी घरची तीन झाडे ओळखून आलेल्या माणसास संध्याकाळी ही पाहुणी अधिकच आवडेल, कारण ती कोण, कोठून आली आणि तिचे येथे कोण नातेवाईक आहेत, हे त्यास आता ठाऊक असेल.

श्रोतेहो, एवढ्यावर हे भाषण संपविता आले असते. परंतु या सहलीमागे एक अधिक गंभीर गोष्ट आहे. घाटकोपरच्या छेडानगरापासून ठाण्यापर्यंत महामार्गावरून उन्नत मार्ग नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. त्या कामात रस्त्याकडेची झाडे जाणार असे कळताच २०२५ साली नागरिकांनी आवाज उठविला, आणि आराखड्यात फेरबदल करून ती गुलाबी फुलांची झाडे वाचविण्यात येतील असे प्राधिकरणास जाहीर करावे लागले. रस्ते नकोत असे कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाही. मुलुंडच्या लोकलमध्ये सकाळी आठ वाजता उभे राहणाऱ्याने तर ते मुळीच म्हणू नये. परंतु या प्रसंगातून एक बोध घेण्यासारखा आहे. ती झाडे लोकांच्या ओळखीची होती, म्हणून त्यांस वकील मिळाले. वर्षातून एकदा का होईना, हजारो माणसांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले होते. त्याच रस्त्याच्या किंवा टेकडीच्या कडेला एखादा वाकडा पांगारा किंवा काटेसावर उभी असेल, तर तिच्यासाठी कोण बोलेल? ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची तक्रार कशी लिहावी?

कायदा दोघांनाही सारखाच आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ पासून आहे. त्याअन्वये वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून शहरात झाड तोडता येत नाही, आणि तोडण्याची नोटीस लागली की नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांस प्राचीन वृक्ष म्हणून विशेष स्थान दिले. परंतु नोटीस वाचावयास कोणी तरी थांबले पाहिजे, आणि थांबणाऱ्यास त्या झाडाविषयी दोन शब्द सांगता आले पाहिजेत. तसे करणारे लोक या शहरात पूर्वीही होते. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेत सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मिलार्ड हे व्यापारी एकत्र आले आणि भारतातील सुंदर वृक्षांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक गृहस्थ शास्त्रज्ञ होता, दुसरा नव्हता. झाडांवर प्रेम करावयास पदवी लागत नाही, याचा हा पुरावा होय.

म्हणून शेवटी एकच विनंती. सहलीहून परतल्यावर घरात एक साधी वही घालावी. तीत वर्षातून चार ओळी लिहाव्यात : अमुक पळस अमुक तारखेस प्रथम फुलला, महामार्गावरची वसंतराणी अमुक दिवशी भरात होती, आपल्या गल्लीच्या तोंडच्या पिंपळास अमुक दिवशी पालवी फुटली. प्रत्येक वर्षी तेच झाड पाहावे, म्हणजे तुलनेस अर्थ राहतो. हे काम घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. आजीआजोबांनी आपल्या आठवणीतील झाडे त्यास सांगावीत. भारतात २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळांतील मुले व सामान्य नागरिक याच रीतीने झाडांच्या नोंदी करून पाठवितात, त्यातही आपली भर घालता येईल.

क्योटोच्या रोजनिशी लिहिणारांस बाराशे वर्षे मिळाली. आपणांस तितकी नकोत. मुलुंडच्या शंभर घरांत अशा वह्या दहा वर्षे चालल्या, तरी या भागातला वसंत केव्हा येतो, तो आधी सरकतो आहे की मागे, आणि कोणते झाड कोणत्या साली नाहीसे झाले, हे आपणांस सांगता येईल. आज तो हिशेब कोणाजवळ नाही. येत्या फाल्गुनातील एका रविवारी त्याचा आरंभ करता येण्यासारखा आहे.